सतरा सदस्यांचे शहर

कन्नड हे शिवना नदीकाठचे, सोलापूर-धुळे महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाण्याआधीचा हा शेवटचा मोठा बाजार. २०११ च्या जनगणनेत कन्नड शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. इथे नगर परिषद आहे, वॉर्ड आहेत, नगरसेवक आहेत, नाली तुंबली तर ज्याच्या टेबलापुढे जाऊन उभे राहता येते असा मुख्याधिकारी आहे. इथला एखादा मुलगा आयटीआय करतो, संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूज औद्योगिक वसाहतीत कामाला लागतो आणि रांजणगाव शेणपुंजीत किंवा जोगेश्वरीत भाड्याने खोली घेतो. घरी सांगितले जाते की पोरगा वाळूजला कंपनीत आहे, म्हणजे शहरात आहे. कायद्याच्या हिशेबाने मात्र तो शहर सोडून खेड्यात राहायला गेलेला असतो. त्याची नवी वस्ती कन्नडपेक्षा दाट असते, तिथे रात्री उशिरापर्यंत हॉटेले चालू असतात, शेती करणारे घर शोधावे लागते. पण तिचा कारभार ग्रामपंचायत पाहते. वाळूज पट्ट्याची बहुतेक दुखणी, म्हणजे पाणी, सांडपाणी, कचरा, कच्च्या कागदावरची घरे, या एका विसंगतीतून निघालेली आहेत असे माझे म्हणणे आहे. पैशाची टंचाई आणि माणसांची बेशिस्त ही कारणे त्यानंतरची.

आधी हा पट्टा उभा कसा राहिला ते पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, पहिली वसाहत रेल्वे स्टेशनजवळ झाली, नंतर चिकलठाणा झाली आणि ऐंशीच्या दशकात नगर रस्त्यावर वाळूज. मुंबई-पुण्याकडची कारखानदारी मागास भागात यावी म्हणून राज्य सरकार सवलती देत होते. त्याच काळात, १९८४ साली, दांडेकर समितीचा अहवाल आला आणि मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द राजकारणात कायमचा रुजला. १९८५ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीनंतरचा आपला दुसरा कारखाना वाळूजला सुरू केला. दुचाकीचा एक मोठा कारखाना आला की एकटा येत नाही. सायलेन्सर, ब्रेक, क्लच, दिवे, रबरी आणि प्लॅस्टिकचे भाग, ओतकाम, रंगकाम, सगळे जवळ हवे असते. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज परदेशांतही कारखाने असलेल्या कंपन्या याच मागणीवर वाढल्या, आणि त्यांच्याभोवती शेकडो छोटे पुरवठादार उभे राहिले. ज्या जमिनीवर बाजरी आणि कापूस होता तिथे एका पिढीत लेथ मशिनांच्या रांगा लागल्या. कन्नड, वैजापूर, गंगापूर, सिल्लोड, पैठण या तालुक्यांतून, बीड-जालना-परभणी-बुलढाण्यातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे आली.

कन्नड तालुक्याच्या बाजूने या स्थलांतराचे कारण वेगळ्याने शोधायची गरज नाही. मका, कापूस आणि अलीकडे अद्रक ही तिथली पिके, सगळी पावसावर आणि भावावर टांगलेली. दोन-अडीच एकरांचे तीन भाऊ वाटेकरी झाले की एकाने शेत पाहायचे आणि दोघांनी बाहेर पडायचे, हा घराघरांतला ठरलेला हिशेब. तांड्यांवरची माणसे ऊसतोडीला जातात, दहावी-बारावी झालेली वाळूजला. अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे. म्हणजे रोज येऊन-जाऊन करता येत नाही, पण पेरणीला, पोळ्याला, लग्नाला जाता येते. मुंबई किंवा सुरत गाठणाऱ्याचे गाव तुटते. वाळूजवाल्याचे तुटत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

एमआयडीसीने कारखान्यांसाठी भूखंड आखले, रुंद रस्ते केले, जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी आणले. राहण्यासाठी निवासी भूखंडही पाडले. तेच आजचे बजाजनगर, वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीच्या हद्दीतले. आखीव गल्ल्या, मोरे चौक, महाराणा प्रताप चौक, मोहटादेवीचे मंदिर, शाळा, दवाखाने: हे या पट्ट्यातले नियोजनातून आलेले रूप. ज्यांची नोकरी परमनंट झाली, ज्यांना कर्ज मिळाले, ते बजाजनगरात स्थिरावले. पण कारखान्यांना जेवढी माणसे लागली तेवढ्यांसाठी घरे कुणीच आखली नव्हती. ती माणसे शेजारच्या गावांत शिरली. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, घाणेगाव, पंढरपूर, तिसगाव आणि खुद्द वाळूज या गावांच्या शिवारात शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे पाडले आणि विकले.

त्या तुकड्याकडे जरा जवळून पाहू, कारण या पट्ट्याची खरी वीट तीच आहे. वीस बाय तीसचा प्लॉट, म्हणजे सहाशे चौरस फूट. जमीन बिगरशेती झालेली नसते. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा असल्याने एवढ्या तुकड्याची रीतसर खरेदी होत नसे, म्हणून व्यवहार स्टॅम्प पेपरवर होत आला. त्याला इकडे बाँडवर घेणे म्हणतात. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहते. घर बांधून झाले की ग्रामपंचायत नमुना आठला नोंद घेते, घरपट्टी लावते, आणि त्या पावतीवर वीजमीटर मिळते. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूने शटर, मागे मालकाच्या दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना, वर ओळीने चार खोल्या आणि टोकाला सामाईक संडास. प्रत्येक दारापुढे निळा ड्रम. एका खोलीत एक कुटुंब, किंवा एका खोलीत चार मुले, फर्स्ट शिफ्टची दोन आणि थर्ड शिफ्टची दोन. मालकही बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेला कामगारच असतो. कारखान्याच्या पगारातून प्लॉट आणि खोल्यांच्या भाड्यातून मुलीचे लग्न, असा त्याचा हिशेब. राज्याने अशा तुकड्यांवरची, म्हणजे गुंठेवारीची, बांधकामे नियमित करण्याचा कायदा २००१ साली केला. पण नियमित करणे म्हणजे आधी झालेल्या गोष्टीवर शिक्का मारणे. नाली कुठून जाईल, रस्ता किती फुटांचा राहील, हे घर उठण्याआधी ठरवणारे कुणी नसले तर शिक्क्याने नाली वाहत नाही.

नियोजन करणारे कुणी नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. उलट या पट्ट्याइतक्या संस्था एकाच ठिकाणी मराठवाड्यात क्वचित सापडतील. औद्योगिक क्षेत्रात आणि बजाजनगरच्या भूखंडांवर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने वाळूजभोवतीच्या अठरा गावांचे क्षेत्र सिडकोकडे सोपवले आणि वाळूज महानगर या नावाचे नवे शहर जाहीर केले. प्रत्यक्ष संपादन झाले ते त्यातल्या थोड्याच जमिनीचे, तिथे सिडकोच्या वसाहती झाल्या, बाकीच्या शिवारात परवानगीचा अधिकार एकाकडे आणि जमीन दुसऱ्याकडे अशी स्थिती राहिली. मग संपूर्ण महानगर प्रदेशासाठी वेगळे विकास प्राधिकरण आले. गावठाणात ग्रामपंचायत. शाळा आणि प्राथमिक आरोग्य जिल्हा परिषदेचे. त्यात भर म्हणजे हा पट्टा दोन तालुक्यांत विभागलेला आहे. रांजणगाव, जोगेश्वरी, वाळूज ही गावे गंगापूर तालुक्यात. वडगाव कोल्हाटी, पंढरपूर, तिसगाव संभाजीनगर तालुक्यात. एकाच कारखान्यात एकाच बाकड्यावर डबा खाणाऱ्या दोघांचे तहसीलदार वेगळे असतात.

याचा परिणाम सांडपाण्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. रांजणगावच्या गल्लीतले पाणी उघड्या नालीतून निघते, पुढे ज्या रस्त्याला येऊन भिडते तो ग्रामपंचायतीचा नसतो. नाली रस्ता ओलांडायची तर दुसऱ्या संस्थेची परवानगी हवी, ओलांडून जाईल ती जमीन तिसऱ्याची, आणि शेवटी प्रक्रिया करायची तर केंद्र चौथ्याचे, तेही वेगळ्याच लोकसंख्येचा आडाखा बांधून उभारलेले. प्रत्येक अधिकारी आपल्या हद्दीपुरते खरे बोलत असतो. हद्दींच्या मधल्या फटीत पाणी साचते. शेवटी उतार जिकडे तिकडे ते जाते. शहरातून आलेली खाम नदी छावणी, गोलवाडी, वाळूजच्या अंगाने दक्षिणेला उतरते आणि नाथसागराला मिळते. त्याच नाथसागरातून शहर, कारखाने आणि बजाजनगर पाणी उचलतात. म्हणजे सांडपाण्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न फाइलीत सुटला नाही तरी नळात येऊन पोचतोच.

इतक्या संस्थांत निवडून आलेली, लोकांना उत्तर देणारी आणि रोज भेटणारी संस्था एकच, ग्रामपंचायत. तिच्या मर्यादा कायद्यातच बांधलेल्या आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे सातपासून सुरू होते आणि साडेसात हजारांच्या वर गेली की सतराला थांबते. पुढे वस्ती दहा हजार होवो वा पन्नास हजार, सदस्य सतराच. रांजणगाव किंवा वडगाव कोल्हाटीसारख्या गावांनी साडेसात हजारांची रेघ कधीच, आणि काही पटींनी, ओलांडली आहे. एका सदस्याच्या वाट्याला इथे जेवढी माणसे येतात तेवढ्या लोकसंख्येवर राज्यात कितीतरी स्वतंत्र ग्रामपंचायती चालतात. सतरा सदस्यांच्या जोडीला एक ग्रामविकास अधिकारी आणि मोजके कर्मचारी. नगर रचनाकार नाही, पाणीपुरवठ्याचा अभियंता नाही, स्वतःचे अग्निशमन दल नाही. विकास आराखडा करण्याचे अधिकार तर आधीच दुसऱ्यांकडे गेलेले. अशा यंत्रणेने कचऱ्याच्या गाड्या फिरवल्या, पथदिवे लावले, थोडे काँक्रीट टाकले तर तिने आपल्या कुवतीबाहेर काम केले असेच म्हणावे लागेल. सरपंच आणि सदस्यांना दोष देणारे लेख स्थानिक पत्रांत नेहमी येतात. ते मला न्याय्य वाटत नाहीत. ज्या माणसाच्या हातात विळा दिला त्याने लोखंड का कापले नाही असे विचारण्यासारखे ते आहे.

ही विसंगती एरवी कागदात दडून राहते. २०२० च्या उन्हाळ्यात ती रोज सकाळी छापून येत होती. करोनाच्या दैनंदिन आकड्यांचे दोन भाग असत: महापालिका हद्द आणि ग्रामीण. त्या जून-जुलैत ग्रामीण भागाच्या यादीत बजाजनगर, सिडको महानगर, रांजणगाव ही नावे पुन्हा पुन्हा येत होती. कारखाने सुरू झाल्यावर दाटीच्या वस्तीत आजार पसरला, यात नवल काही नाही. महत्त्वाचे हे की शहरी रोगाशी लढण्याचे काम ग्रामीण आरोग्य यंत्रणेवर पडले. प्राथमिक आरोग्य केंद्राची रचना विखुरलेल्या गावांसाठी, लसीकरण आणि बाळंतपणांसाठी केलेली. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे झोपतात तिथे विलगीकरण कुठे करायचे याचे उत्तर तिच्यापाशी असणे शक्य नव्हते. परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांनी जीव तोडून काम केले. आकडे मात्र ग्रामीण म्हणूनच नोंदले गेले, आणि पुढे कधी कुणी मराठवाड्याच्या खेड्यांतल्या साथीचा अभ्यास करील तेव्हा त्यात बजाजनगर खेडे म्हणून मोजले जाईल.

जनगणना विभाग याबाबतीत सरकारच्या इतर शाखांपेक्षा प्रामाणिक आहे. ज्या गावाची लोकसंख्या पाच हजारांहून अधिक, घनता दर चौरस किलोमीटरला चारशेहून अधिक आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण शेतीबाहेर, त्याला तो ‘जनगणना शहर’ म्हणतो, मग कारभार कुणाचाही असो. वाळूज पट्ट्यातली मोठी गावे या तिन्ही कसोट्यांवर सहज उतरतात. राज्याच्या नगर परिषद कायद्याप्रमाणे पंचवीस हजारांच्या वरची, शेतीबाहेर रोजगार असलेली वस्ती नगर परिषदेला पात्र ठरू शकते. कन्नडला ती आहे. पात्रता असूनही घोषणा झाली नाही तर काहीच बदलत नाही, कारण घोषणा करणे हा राज्य सरकारचा निर्णय आहे, वस्तीचा हक्क नव्हे.

हे असेच होणे अटळ होते का? याचे उत्तर पुणे जिल्ह्यात मिळते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, नंतर टेल्को, बजाज आणि इतर कारखाने. तिथेही खेडी होती, तिथेही चाळी आणि अनधिकृत तुकडे होते. पण १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगर परिषद झाली आणि १९८२ मध्ये, औरंगाबाद महापालिका झाली त्याच वर्षी, पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. कारखाने तिच्या हद्दीत होते, म्हणून जकात तिच्या तिजोरीत गेली, आणि देशातल्या श्रीमंत महापालिकांत तिची गणना होऊ लागली. बजाजच्या पहिल्या कारखान्याभोवतीच्या वस्तीला पुण्याचा शेजार असूनही स्वतःचे शहर मिळाले. दुसऱ्या कारखान्याभोवतीची वस्ती चाळीस वर्षांनंतरही ग्रामपंचायतीत आहे. कंपनी एक, धंदा एक, कामगारही एकाच महाराष्ट्रातले. फरक हद्द कुठे आखली याचा. वाळूजच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे जकात दिली नाही, कारण ते कोणत्याच नगरपालिकेत नव्हते. उद्योगांना ती सवलत वाटली. तिची किंमत त्यांच्याच कामगारांनी टँकरच्या पाण्याने मोजली.

कारखान्यांकडून ग्रामपंचायतीला काहीच मिळत नाही असे नाही. ग्रामपंचायत कायद्यात कारखान्याने कराऐवजी ठोक रक्कम देण्याची सोय आहे. ती किती असावी यावर वाद चालत आले. मग सरकारने अशी व्यवस्था आणली की औद्योगिक क्षेत्रातला कर एमआयडीसीने गोळा करावा आणि त्यातला निम्मा ग्रामपंचायतीला द्यावा. यात थोडा पैसा येतो हे खरे. पण ज्या ग्रामपंचायतीच्या शिवारात कारखाने आहेत तिला वाटा मिळतो, आणि ज्या गावात कामगार राहतात ते अनेकदा दुसरेच असते. उत्पन्न एका गावाला आणि माणसांचा भार दुसऱ्याला, ही वाटणी सुधारायची तर दोन्ही गावे एका हद्दीत यावी लागतील.

या पट्ट्याची मिळून एक नगर परिषद करावी, या म्हणण्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला, आणि सर्वांत भक्कम, पाटोद्याचा. वाळूज वसाहतीपासून जवळच पाटोदा नावाचे गाव आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या सरपंचपदाच्या काळात ते राज्यभर गाजले. कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत, पिण्याचे शुद्ध पाणी, स्वच्छ गल्ल्या, फळझाडे, आणि करवसुली जवळजवळ पूर्ण. हे ऐकून साहजिकच विचारले जाते की पाटोद्याला जमते ते रांजणगावला का जमू नये. दोष ग्रामपंचायत नावाच्या चौकटीचा नसून माणसांचा आहे. पाटोद्याचे काम मोठे आहे आणि त्यातून एक गोष्ट सिद्ध होते: लोकांना सेवा दिसली तर लोक कर देतात. पण पाटोदा तीन-साडेतीन हजारांचे गाव आहे. तिथे सरपंच प्रत्येक घर नावाने ओळखतो, आणि बहुतेक घरांच्या जमिनी कागदोपत्री घरच्यांच्याच नावावर असतात. रांजणगावात घरमालक एक, सातबारा दुसऱ्याच्या नावे, राहणारा तिसरा, आणि तो तिसरा दर अकरा महिन्यांनी बदलणारा. इथे ओळखीवर चालणारा कारभार पुरत नाही. नोंदींवर चालणारा लागतो. पाटोद्याचा धडा ग्रामपंचायत टिकवण्याच्या बाजूने नाही. कर आणि सेवा एकाच दारात हवेत, असा तो आहे, आणि वाळूज पट्ट्यात नेमके तेच नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो की वेगळी नगर परिषद कशाला, सरळ महापालिकेत घ्या. शहर वाढले की बाहेरच्या वस्त्या पोटात घेते, ही या शहराची जुनीच रीत आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. मोगलांच्या काळात सरदारांच्या छावण्यांतून कोटाबाहेर करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा उठले आणि आज ते शहराच्या मध्यात आहेत. सिडकोने १९७२ पासून वसवलेले नवे औरंगाबादही २००६ मध्ये महापालिकेकडे सोपवले गेले. मग वाळूज का नाही? कारण अलीकडचा अनुभव. सातारा-देवळाईला आधी नगर परिषद जाहीर झाली आणि ती धड उभी राहण्याआधीच भाग महापालिकेत घेतला गेला; त्यानंतरही तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे टँकरवर दिवस काढले. मूळ शहरातच नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते आणि २०२० मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या पाणीयोजनेकडे लोक डोळे लावून बसले, अशा महापालिकेकडे आणखी काही लाख माणसे सोपवणे म्हणजे वाळूजला रांगेच्या शेवटी उभे करणे. शिवाय २०२० पासून पुढची काही वर्षे तिथे प्रशासकच होता, निवडून आलेली सभा नव्हती. जिल्हा परिषदेतही २०२२ नंतर तेच झाले. हा शेवटचा मुद्दा माझ्या विरोधातही वापरता येतो: उद्याच्या नगर परिषदेवरही प्रशासक बसेलच की. बसू शकतो. पण निवडणुका लांबणे हा सर्वच संस्थांना झालेला आजार आहे. त्यासाठी एकट्या वाळूजने शहर होणे थांबवावे असे होत नाही.

तिसरा आक्षेप करांचा आणि योजनांचा. नगर परिषद आली की घरपट्टी वाढेल, ग्रामीण घरकुल आणि रोजगार हमीसारख्या योजना जातील, जिल्हा परिषदेचे सदस्यपद जाईल. मूळ गावकऱ्यांच्या मनात याहून खोल भीती आहे. सरपंचपद हे गावच्या घराण्यांचे मानाचे स्थान. बाहेरून आलेल्यांची मतमोजणी सुरू झाली की ते हातचे जाणार. या भीतीची थट्टा करू नये. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या त्यांच्याकडे गावचे नेतृत्व एवढेच उरलेले आहे. पण जमाखर्च नीट मांडला तर चित्र बदलते. आज भाडेकरू दर आठवड्याला टँकरला आणि जारला जे पैसे देतो ते कुठल्याच पावतीवर येत नाहीत. तोही करच आहे, फक्त तो खासगी माणसाला भरला जातो आणि त्यातून जलवाहिनी उभी राहत नाही. रोजगार हमीच्या कामावर जाणारे हात या पट्ट्यात किती उरले आहेत, हेही विचारायला हवे.

चौथा आक्षेप दिसायला साधा, पण सर्वांत जास्त नुकसान करणारा: ही माणसे इथली नाहीतच. कंत्राटी कामगार, २४० दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक दिला की बॅग उचलून गावी; मतदान गावी, रेशनकार्ड गावी, मयत-मांडव गावी. अशा फिरत्या लोकसंख्येसाठी कायमचे शहर कशाला? हे खरे आहे की वाळूजवाल्याचे गाव तुटत नाही, आणि कन्नडसारख्या जवळच्या तालुक्यांनी तर ते मुळीच तुटू दिलेले नाही. पण दोन ठिकाणी घर असणे म्हणजे कुठेच घर नसणे नव्हे. बजाजनगरात आता तिथेच जन्मलेली, तिथेच शाळेत गेलेली आणि तिथेच नोकरीला लागलेली पिढी आहे. आणि माणसांनी हे ठिकाण आपले केले याचा पुरावा हवा असेल तर आषाढीला नगर रस्त्यावर पाहावे. वाळूजजवळच्या पंढरपूर गावातले विठ्ठलमंदिर छोटे पंढरपूर म्हणून ओळखले जाते. एकादशीला पहाटेपासून शहरातून आणि आजूबाजूच्या गावांतून माणसे चालत निघतात, लाखांची गर्दी होते, रस्त्याकडेला फराळाचे आणि पाण्याचे मंडप लागतात. ज्याला कंपनीतून आठ दिवसांची रजा मिळत नाही, ज्याच्या घरी पिढीजात वारी आहे, त्याला ती एका दिवसात आणि कामाच्या गावाशेजारी करता येते. ज्यांना आपण फिरते म्हणतो त्यांनी आपला देव या रस्त्यावर आणून ठेवला आहे. गाव तुटत नाही म्हणून नागरिकत्व नाकारायचे असेल तर मुंबईतल्या अर्ध्या कोकणाला मतदानातून वगळावे लागेल.

नगर परिषद झाली म्हणून वीस बाय तीसचे प्लॉट रुंद होणार नाहीत, गायरानावरची घरे आपोआप कायम होणार नाहीत. पण तीन गोष्टी करता येतील ज्या आज कुणालाच करता येत नाहीत. वॉर्डांची संख्या माणसांप्रमाणे ठरेल. गावागावांच्या नाल्या एका उताराने, एका आराखड्यात जोडता येतील. आणि भाड्याच्या खोल्यांना, ज्या या उद्योगनगरीचा खरा पाया आहेत, किमान संडास, पाणी आणि आगीपासून सुरक्षेची अट घालता येईल. त्यासाठी बांधकाम परवानगी, घरपट्टी आणि अग्निशमन ही तिन्ही कामे एकाच कार्यालयात असावी लागतात.

हद्द आखताना मात्र एक चूक होण्याचा धोका आहे, आणि ती झाली तर सगळे प्रयत्न वाया जातील. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका घटनेत आल्या तेव्हाच एक अपवादही आला: ज्या औद्योगिक क्षेत्रात उद्योगच नागरी सेवा देतात तिथे नगरपालिका न नेमता ते औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करता येते. उद्योगांच्या दृष्टीने ही सोय आकर्षक आहे. पण वाळूजला कारखान्यांची नगरी वेगळी आणि कामगारांची नगर परिषद वेगळी अशी फाळणी झाली, तर कर देणारे एका बाजूला जातील आणि पाणी मागणारे दुसऱ्या बाजूला. मग नगर परिषदेचा फलक लागेल, मुख्याधिकारी येईल, आणि त्याच्या तिजोरीत वीस बाय तीसच्या घरांची घरपट्टी तेवढी असेल. म्हणून मागणी करणाऱ्यांनी नावावर आणि मुख्यालयावर भांडण्याआधी नकाशावर भांडावे: ओअॅसिस चौकापासून रांजणगावपर्यंतचे औद्योगिक भूखंड, बजाजनगर, सिडकोच्या वसाहती आणि दोन्ही तालुक्यांतली गावे एकाच रेघेच्या आत आहेत की नाहीत, हे अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल त्याच दिवशी, गट क्रमांक लावून, तपासावे.